जिताड्याच्या पिल्लांच्या पाठीवर पांढरट पट्टा आणि दोनच टाक्यांत मरतूक: प्रतिजैविक टाकावे का?

प्रश्न: गोराईचा बीजपालक

नमस्कार. मी मुंबईत गोराई गावात राहतो. जिताड्याचे इंचभर लांबीचे बीज हॅचरीतून मागवायचे, ते तीन इंचांचे होईपर्यंत सांभाळायचे आणि मग रायगडातील तळेवाल्यांना द्यायचे, असा माझा चार वर्षांचा व्यवसाय आहे. माझ्याकडे प्रत्येकी ३००० लिटरच्या चार टाक्या असून या खेपेला प्रत्येक टाकीत सुमारे १५०० पिल्ले सोडली आहेत.

बीज आले तेव्हा पाण्याचा खारेपणा १२ पीपीटी (लिटरला सुमारे १२ ग्रॅम क्षार) होता. दोन गिऱ्हाइकांची तळी गोड्या पाण्याची असल्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या टाकीत मी विहिरीचे पाणी थोडे थोडे मिसळत पाच दिवसांत खारेपणा शून्यावर आणला. पहिल्या आणि चौथ्या टाकीतील बीज खाजणातल्या तळ्यांत जाणार असल्यामुळे ते ८ पीपीटीवर ठेवले. रविवारी चारही टाक्यांतील पिल्लांची आकारानुसार प्रतवारी केली. जिताड्याचे मोठे पिल्लू आपल्याच लहान भावंडाला गिळते, त्यामुळे हे काम टाळता येत नाही.

मंगळवारी दुसऱ्या आणि तिसऱ्या टाकीत मिळून ९ पिल्ले मेली, बुधवारी ४६, आणि आज गुरुवारी सकाळपर्यंत १७० मेलेली काढली आहेत. पहिल्या आणि चौथ्या टाकीत तीन दिवसांत मिळून फक्त ५ मेली. आजारी पिल्ले खाद्य घेत नाहीत, रंगाने काळपट पडतात आणि हवेच्या बुडबुड्यांजवळ पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत राहतात. अनेकांच्या पाठीवरील पराच्या दोन्ही बाजूंना खोगीर घातल्यासारखा राखाडी-पांढरा पट्टा दिसतो आणि त्याची कड पिवळसर व बुळबुळीत असते. काहींच्या शेपटीचा पर झिजून काड्या उघड्या पडल्या आहेत. कल्ल्यांचे झाकण उचलून पाहिले तर लाल कल्ल्यांच्या टोकांना पिवळट-तपकिरी डाग आहेत.

पाण्याचे तापमान ३० अंश सेल्सियस, सामू (पीएच) ८.४ आणि चाचणीसंचानुसार एकूण अमोनिया लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. ही बुरशी आहे का? दुकानदाराने पाण्यात मिसळण्यासाठी ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची पुडी दिली आहे, ती मी अजून फोडलेली नाही. उरलेली पिल्ले वाचावीत अशी फार इच्छा आहे. जाणकारांनी कृपया लवकर मार्गदर्शन करावे.

उत्तर १: पेणचा तळेवाला

दादा, पुडी फोडू नका. तीन वर्षांपूर्वी माझ्या रोहूच्या बोटुकल्यांना असेच झाले होते आणि मी कोणालाही न विचारता अशीच पावडर टाकीत टाकली होती. मरतूक थांबली नाही; उलट टाकीच्या गाळणीतील उपयुक्त जिवाणू मेले, चार दिवसांत अमोनिया चढला आणि जी पिल्ले रोगातून वाचली असती तीही गेली. ते दिवस आठवले की अजूनही वाईट वाटते.

मेलेली पिल्ले सकाळ-संध्याकाळची वाट न पाहता दर दोन तासांनी काढा. आजारी टाक्यांचे हातजाळे, बादली आणि पाइप वेगळे ठेवा. आधी निरोगी टाक्यांचे काम उरकून मगच या टाक्यांकडे जा. खाद्य आज पूर्ण बंद ठेवा. मी तळ्यात नेहमी चुना मारतो. तुम्हीही थोडा चुना मारून पाहा, पण त्याबाबत जाणकार काय म्हणतात ते आधी ऐका.

उत्तर २: वर्सोव्याची मत्स्यरोग अभ्यासक

गोराईचे दादा, आपण लक्षणे आणि टाक्यांचा इतिहास इतक्या बारकाईने लिहिला आहे की निम्मे निदान आपल्याच प्रश्नात झाले आहे. चारही टाक्यांत त्याच हॅचरीचे बीज आहे, प्रतवारीही एकाच दिवशी, त्याच चाळणीने आणि त्याच जाळ्याने झाली, म्हणजे कातडीवरचे ओरखडे चारही टाक्यांतील पिल्लांना सारखेच झाले असणार. तरीही मरतूक फक्त गोड्या पाण्याच्या टाक्यांत आहे. हा फरक आणि खोगिरासारखा पट्टा एकत्र पाहिले की पहिला संशय फ्लॅवोबॅक्टेरियम कॉलम्नेअर या जिवाणूवर जातो. त्याच्या रोगाला कॉलम्नॅरिस म्हणतात. अमेरिकेतील मिसिसिपी नदीतील माशांवर डेव्हिस या संशोधकाने १९२२ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले, आणि आज उबदार गोड्या पाण्यातील जवळपास सर्वच पाळीव माशांना तो होतो असे म्हणता येईल.

ही बुरशी नाही, असे मला वाटते. खरी पाणबुरशी कापसाच्या पुंजक्यासारखी कातडीवर उभी राहते आणि पिल्लू पाण्यात हलले की तिचे तंतूही हलतात. कॉलम्नॅरिसचा पट्टा कातडीला चिकटलेला, सपाट आणि पिवळसर कडेचा असतो. तो पुष्कळदा कापसासारखा भासतो आणि त्यामुळे बुरशीनाशक देण्यात वेळ जातो.

रोग नेमका आत कसा शिरला हे समजून घेतल्याशिवाय उपाय ठरवता येत नाही. हा जिवाणू बाहेरून अवचित आलेला नसतो. तो पाण्यात आणि निरोगी दिसणाऱ्या माशांवरही असतो. कातडीवरचा बुळबुळीत थर शाबूत असेल तर त्याला पाय रोवता येत नाहीत, परंतु प्रतवारीत हा थर खरवडला जातो, आणि पाणी २५ ते ३२ अंशांच्या दरम्यान असेल तर जिवाणू इतक्या वेगाने पसरतो की लक्षण दिसल्यापासून एक-दोन दिवसांत पिल्लू दगावते. लहान पिल्लांत तो बहुधा कल्ल्यांवर आधी हल्ला करतो. कातडी स्वच्छ असूनही पिल्लू गुदमरून मरू शकते, म्हणून कल्ला उघडून पाहिल्याशिवाय कोणतेही पिल्लू निरोगी समजू नये. आपली पिल्ले हवेच्या बुडबुड्यांजवळ जमतात ती याच कारणाने.

दुसरे कारण आपल्या अमोनियाच्या आकड्यात आहे, आणि त्याकडे आपले सर्वांचेच दुर्लक्ष होते. चाचणीसंच एकूण अमोनिया दाखवतो, पण कल्ल्यांना जाळणारा असतो तो त्यातील मुक्त अमोनिया, आणि त्याचे प्रमाण सामू व तापमान ठरवतात. ३० अंश तापमानाला सामू ७ असता एकूण अमोनियाचा जेमतेम एक टक्का मुक्त असतो, सामू ८.४ असता तो जवळपास सहावा हिस्सा होतो. म्हणजे आपल्या टाकीत लिटरला सुमारे ०.२५ मिलिग्रॅम मुक्त अमोनिया आहे, आणि इतक्या लहान पिल्लांसाठी ०.०५ च्या वरची पातळीही चिंतेची असते. जळलेल्या कल्ल्यावर जिवाणूला घर करणे सोपे जाते. म्हणूनच पेणच्या दादांचा चुन्याचा सल्ला मी या वेळी नम्रपणे बाजूला ठेवते. आम्लधर्मी तळ्यात चुना उपकारक आहे. येथे तो सामू आणखी वाढवील आणि तोच अमोनिया अधिक विषारी होईल.

आज करायचे काम असे. दोन्ही टाक्यांचा खारेपणा निरोगी टाक्यांइतका, म्हणजे ८ पीपीटीपर्यंत परत न्या. ३००० लिटरला त्यासाठी २४ किलो खडे मीठ लागेल. ते वेगळ्या पिंपात विरघळवून, गाळून, सहा ते आठ तासांत थोडे थोडे सोडा. ही पिल्ले थोड्याच दिवसांपूर्वी १२ पीपीटीमध्येच पोहत होती आणि जिताडा हा खाऱ्या-गोड्या दोन्ही पाण्यांत वावरणारा मासा आहे, त्यामुळे हा बदल त्याला झेपतो. मिठाने कॉलम्नेअरला माशाच्या अंगाला चिकटणे अवघड होते आणि लिटरला १० ग्रॅमच्या आसपास मीठ असेल तर त्याची वाढच थांबते. खाडीचे पाणी मात्र जवळ असले तरी थेट ओतू नका, कारण त्यात व्हिब्रियो जातीचे जिवाणू असतात आणि जखमी कातडीला तेही तितकेच घातक आहेत. मीठ सोडण्याआधी एक तृतीयांश पाणी बदला, हवा वाढवा, खाद्य दोन दिवस बंद ठेवा, आणि शक्य असेल तर अर्धी पिल्ले वेगळ्या एखाद्या स्वच्छ भांड्यात हलवून गर्दी कमी करा; मात्र ती जाळ्याने न उचलता पाण्यासकट मगाने उचला.

पोटॅशियम परमँगनेटही या रोगावर वापरले जाते आणि लिटरला २ मिलिग्रॅम या हिशेबाने आपल्या टाकीला ६ ग्रॅम लागेल, पण कल्ले आधीच खराब असताना ते मी पहिला उपाय म्हणून सुचवणार नाही. पाण्यात विष्ठा व उरलेले खाद्य असेल तर ते त्यांच्यावरच खर्ची पडते आणि जास्त टाकावे लागते. मग कल्ल्यांवर तपकिरी थर बसतो. फॉर्मेलिन या जंतुनाशकासोबत तर ते कधीही एकत्र करू नका, त्यातून घातक वायू निघतो.

आता पुडीविषयी. ऑक्सिटेट्रासायक्लिन पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला बांधले जाते, त्यामुळे विहिरीच्या कठीण किंवा खारट पाण्यात टाकलेल्या पावडरीचा फारच थोडा भाग माशाच्या शरीरात पोहोचतो. ते खाद्यातून दिले तर उपयोगी पडते, पण खाद्य सोडून दिलेले पिल्लू ते खाणार कसे? जी खातात ती निरोगी असतात. औषधाचे कमी प्रमाण टाकीत रेंगाळले की जिवाणू त्याला सरावतो आणि पुढच्या खेपेला तेच औषध चालत नाही. संवर्धन चाचणी (नमुन्यातील जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून ओळखणे) व औषध-संवेदनशीलता चाचणी (त्यावर कोणते औषध चालते ते पाहणे) झाल्यावर, पशुवैद्यकाच्या चिठ्ठीने, मात्रा आणि विक्रीपूर्व थांबण्याचा काळ ठरवून दिले तरच ते औषध म्हणावे. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या गटांतील औषधे तर खाद्य म्हणून विकल्या जाणाऱ्या माशांसाठी भारतात बंदच आहेत; दुकानात मिळाली तरी घेऊ नका.

नमुना नक्की तपासा. त्यासाठी मेलेले पिल्लू नको. या हवेत मेलेल्या माशात काही तासांतच एरोमोनाससारखे इतर जिवाणू माजतात आणि चाचणी चुकीचे नाव सांगते. लक्षणे स्पष्ट दिसणारी पण जिवंत अशी पाच-सहा पिल्ले ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतून न्या. प्रयोगशाळेला कॉलम्नॅरिसचा संशय आधी सांगा, कारण हा जिवाणू नेहमीच्या पोषक माध्यमावर नीट वाढत नाही, त्याला अगदी कमी पोषणाचे माध्यम लागते. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत जलचरांचे आरोग्य हा स्वतंत्र विभागाचा विषय आहे. फोन करून नमुना कधी आणावा ते विचारून घ्या. मनोरीवरून मार्व्याची फेरी घेतली तर अंतर फार नाही. देशभरातील जलचर रोगांवर लक्ष ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे आणि शेतकऱ्यांना रोगाची माहिती मोबाइलवरून कळवता यावी यासाठी ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे ॲपही आले आहे. त्यावर नोंद करावी अशी माझी विनंती आहे.

प्रतिसाद: गोराईचा बीजपालक

ताई, आपण इतका वेळ दिलात याबद्दल मनापासून आभार. दुपारपासून मीठ सोडायला सुरुवात केली आणि आता रात्री ९ वाजता दोन्ही टाक्या ७ पीपीटीवर आहेत. पुतणी बोरिवलीच्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. मीठ सोडण्यापूर्वी पकडलेली चार आजारी पिल्ले पिशवीत घालून मी फेरीबोटीने पलीकडे नेली आणि तिने आपल्या प्राध्यापकांच्या परवानगीने पट्ट्याच्या कडेचा बुळबुळीत भाग आणि कल्ल्याचे टोक काचपट्टीवर घेऊन ४०० पट मोठे करून पाहिले. बारीक, लांब, दोऱ्यासारखे असंख्य जिवाणू सरपटत होते आणि दहा-पंधरा मिनिटांत ते एकमेकांवर चढून भाताच्या पेंढ्याच्या उडव्यांसारखे ढीग रचू लागले. तिने काढलेले छायाचित्र पाहून मी थक्क झालो.

उत्तर ३: वर्सोव्याची मत्स्यरोग अभ्यासक

त्या उडव्यांवरूनच या जिवाणूला त्याचे नाव मिळाले. कॉलम म्हणजे स्तंभ. पुतणीचे निरीक्षण अचूक आहे. नाव पक्के करायला संवर्धन चाचणी लागेलच, पण उपचार चालू ठेवण्यासाठी एवढा पुरावा पुरेसा आहे. तिला माझे विशेष कौतुक कळवा.

प्रश्न: मनोरीची मत्स्यपालक

मीही जिताड्याचे बीज ठेवते. मागच्या वर्षी माझी पिल्ले काळी पडून भोवऱ्यासारखी फिरत मेली, पण अंगावर पट्टा नव्हता. तेही हेच असेल का?

उत्तर ४: वर्सोव्याची मत्स्यरोग अभ्यासक

बहुधा नाही, ताई. जिताड्याच्या अगदी लहान पिल्लांत भोवऱ्यासारखे फिरणे, काळपटपणा आणि अंगावर काहीही जखम नसणे या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर विषाणूजन्य मज्जारोगाचा विचार आधी करावा लागतो. हा विषाणू मेंदू आणि डोळ्याच्या पडद्यात पोकळ्या पाडतो. त्यावर प्रतिजैविकाचा काहीच परिणाम होत नाही, मीठही चालत नाही; बीज विकत घेतानाच पीसीआर चाचणीचा (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) दाखला मागणे हाच उपाय आहे. फिरण्यासोबत डोळे बाहेर आलेले किंवा बुबुळ पांढरे झालेले असेल तर स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूचा संशय घ्यावा. तिलापियात तो उन्हाळ्यात विशेष दिसतो. पोट फुगलेले, खवले उभे राहिलेले आणि परांच्या मुळाशी रक्ताचे ठिपके, असे चित्र गोड्या पाण्यात एरोमोनासचे आणि खाऱ्या पाण्यात व्हिब्रियोचे असू शकते. अंगावर मिठाच्या दाण्यांसारखे सुटे सुटे पांढरे ठिपके असतील तर तो परजीवी आहे. आणि खाऱ्या पाण्यातच कॉलम्नॅरिससारखा पट्टा दिसला, तर त्याचा समुद्रातील भाऊबंद, टेनासिबॅक्युलम हा जिवाणू, शोधावा, कारण त्याला वाढायला समुद्राचे क्षारच लागतात आणि त्याच्यावर मिठाचा उपाय फसतो. या सर्व खुणा संशय घेण्यापुरत्या आहेत. एकाच पिल्लात दोन रोगही असतात.

उत्तर ५: पेणचा तळेवाला

चुन्याबाबत ताईंनी सांगितले ते पटले, मी माझा सल्ला मागे घेतो. जाळ्यांविषयी मात्र माझा अनुभव सांगतो. १०० लिटर पाण्यात सुमारे ६५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर घालून जाळी, चाळणी आणि बादल्या तासभर बुडवा, नंतर भरपूर पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा. हे काम टाक्यांपासून लांब करा, क्लोरीनचा थेंबही पिल्लांना सोसत नाही. शिवाय गाठीचे जाळे टाकून द्या. बिनगाठीचे जाळे महाग पडते, पण गाठ पिल्लाच्या अंगावर कशी घासते ते मी भिंगातून पाहिले आहे. प्रतवारीच्या आदल्या संध्याकाळपासून खाद्य बंद ठेवा, काम पहाटे गारव्यात करा आणि चाळण पाण्याबाहेर उचलू नका. पिल्लांना तिच्या फटींतून स्वतःहून पोहत जाऊ द्या.

प्रतिसाद: गोराईचा बीजपालक

आठ दिवसांनी लिहितो आहे. शुक्रवारी दोन्ही टाक्यांत मिळून २१० पिल्ले गेली आणि त्या दिवशी मला सर्व संपले असे वाटले होते. शनिवारी ८८, रविवारी ३१ आणि सोमवारी १२. परवापासून एकही नाही. दोन टाक्यांतील ३००० पैकी काल मोजून २४०९ उरली. काही मोठ्यांनी गिळलीही असतील. उरलेल्या पिल्लांनी तिसऱ्या दिवशी पुन्हा खाद्य घेतले, पट्ट्याच्या जागी कातडी काळसर होऊन भरते आहे आणि शेपटीच्या काड्यांमध्ये नवा पातळ पडदा दिसतो. पाणी रोज थोडे बदलत गेल्यामुळे एकूण अमोनिया ०.४ वर आला आहे. चाचणीचा अहवाल अजून यायचा आहे, आणि पुडी दुकानदाराला परत केली.

गोड्या पाण्याच्या दोन्ही गिऱ्हाइकांना मी फोन करून खरी परिस्थिती सांगितली आणि तीन आठवडे थांबायला सांगितले. एकाने बीज नाकारले, दुसरा थांबायला तयार आहे. त्याच्यासाठी खारेपणा उतरवायचा आहे. पुढची प्रतवारी ८ पीपीटीमध्येच करून, ओरखडे भरायला पाच-सहा दिवस देऊन, त्यानंतर रोज १ पीपीटीने खाली यावे असा माझा विचार आहे. ताई, यात आपल्याला काही बदल सुचवायचा असेल तर कृपया रविवारपूर्वी कळवावा, कारण रविवारी पहाटे बिनगाठीचे जाळे घेऊन आम्ही कामाला लागणार आहोत.

उत्तर ६: वर्सोव्याची मत्स्यरोग अभ्यासक

क्रम योग्य आहे. एकच बदल करा: ४ पीपीटीवर आल्यावर तीन दिवस थांबा, रोज सकाळी प्रत्येक टाकीतील पाच पिल्लांचे कल्ले उघडून पाहा, आणि एकाच्याही कल्ल्यावर पिवळट डाग दिसला तर खाली न उतरता पुन्हा ८ पीपीटीवर जा.